मेल्यावर निवडून आलेले खासदार

खासदारकाकांशी पहिल्यांदा बोलणारा माणूस हमखास फसायचा. न्यूझीलंडमधल्या पामर्स्टन नॉर्थच्या आमच्या मराठी मंडळात कुणी नवीन जोडपं आलं की काका आपली प्लेट घेऊन त्यांच्या शेजारी जाऊन बसत. दोन घास झाले की सहज म्हणत, "आमच्या मतदारसंघात एकूण तेराच मतदार होते."

"तेरा हजार?" नवा माणूस विचारायचा.

"तेरा. आणि खासदार दोन."

"कुठं हो हे? गडचिरोलीकडे?"

"हार्लस्टो. इंग्लंडच्या नैर्ऋत्येला. खासदार तसे बरे होते, पण गावात यायचे नाहीत. एकजण तर आपलं गाव नकाशावर कुठं आहे ते बघायला शिकारीच्या मुक्कामातून माणूस पाठवायचा." नवा माणूस आजूबाजूला मदतीसाठी बघू लागला की आम्ही जुने लोक भाजी वाढून घ्यायला उठत असू.

हार्लस्टो हे एक लहानसं बाजाराचं गाव. जुन्या काळी इंग्लंडात अशा कित्येक गावांना संसदेत दोन-दोन सदस्य पाठवायचा हक्क होता. पुढे गाव आटलं तरी हक्क आटला नाही. शेवटी शेवटी तिथे मत द्यायचा अधिकार तेरा घरांतल्या कुटुंबप्रमुखांना उरला होता आणि त्यांतली अकरा घरं एकाच जमीनदाराची होती. एकोणिसाव्या शतकात कायदा सुधारला तेव्हा असे मतदारसंघ एकगठ्ठा रद्द झाले, त्यात हार्लस्टोही गेला. रद्द होण्याआधीच्या काही शतकांत तिथून कोण कोण निवडून आलं, याची पूर्ण यादी कुठेच नव्हती. ती करणं हे काकांचं काम होतं. त्यांनी इंग्लंड कधी पाहिलं नव्हतं. सांगलीच्या एका कॉलेजात इतिहास शिकवून ते निवृत्त झाले होते आणि पत्नी गेल्यावर मुलीकडे, मृणालकडे, राहायला आले होते. 'खासदारकाका' हे नाव माझ्या नवऱ्याने, सतीशने, ठेवलं. काकांच्या कानावर ते गेलं तेव्हा ते म्हणाले, "एक दुरुस्ती करा. मी खासदार नाही. मी त्यांचा हजेरीपट आहे."

हे वेड त्यांना लागलं ते कॉलेजच्या ग्रंथालयातल्या रद्दीमुळे. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी ग्रंथपालाने वाळवी लागलेली पुस्तकं अंगणात काढून ठेवली होती. त्यांत त्या परगण्याचा एक जुना इंग्रजी इतिहास होता आणि त्यात हार्लस्टोच्या सदस्यांची यादी होती. यादीची पहिली दोन पानं शाबूत, पुढची वाळवीच्या पोटात. "बाकीचे कोण, हे मला कळायला हवं होतं," काका सांगत. "एवढंच कारण. याहून मोठं कारण मी पुष्कळ शोधलं, सापडलं नाही." त्यांनी त्यावर पीएच.डी. करायचं ठरवलं. मार्गदर्शकांनी दोन प्रश्न विचारले: हे गाव तुम्ही पाहिलंय का, आणि सांगलीत कुणाला याची गरज आहे. दोन्हींचं उत्तर नाही असं होतं. पीएच.डी. तिथेच संपली. यादी संपली नाही.

प्रत्येक खासदाराला एक कार्ड होतं. ही कार्डं लग्नपत्रिका कापून केलेली होती, कारण जाड कागद सांगलीत फुकट मिळायचा तो तेवढाच. पुढच्या बाजूला बारीक अक्षरात नाव, बाप, जमीन, निवडून आल्याची तारीख, मेल्याची तारीख, आणि ही माहिती कुठल्या पत्रातून किंवा पुस्तकातून आली ते. मागच्या बाजूला कुणाच्या तरी आप्तेष्टांचे आग्रहाचे निमंत्रण. चाळीस वर्षं त्यांनी इंग्लंडातल्या दफ्तरखान्यांना, चर्चच्या पाद्र्यांना, जमीनदारांच्या वारसांना पत्रं लिहिली. दहातल्या दोघांचं उत्तर यायचं. पामर्स्टन नॉर्थला आल्यावर विद्यापीठाच्या ग्रंथालयात संगणकावर जुनी कागदपत्रं बघायला मिळू लागली आणि चाळीस वर्षांत झालं नव्हतं तेवढं काम दोन वर्षांत झालं. वारा सुटलेला असला तरी हा माणूस टोपी हाताने धरून चालत ग्रंथालयात जायचा. मृणाल गाडीने सोडते म्हणाली तर म्हणायचे, "तुझ्या गवताला उशीर होईल." मृणाल एका संशोधन संस्थेत कुरणाच्या गवतावर काम करायची.

दोन पुराव्यांत मेळ बसला नाही तर काका कधीही एक निवडत नसत. त्यांचा नियम होता, "खोडायचं नाही. दोन्ही लिहायचं आणि पुढे प्रश्नचिन्ह. प्रश्नचिन्हाला जागा कमी लागते आणि लाज अजिबात लागत नाही." एका कार्डावर मी पाच प्रश्नचिन्हं मोजली होती. त्या माणसाबद्दल नक्की एवढंच माहीत होतं की तो होता.

माझा या कामाशी संबंध आला तो त्यांच्या डोळ्यांमुळे. मी इथल्या हॉस्पिटलात फार्मसिस्ट आहे, आणि मंडळात कोण काय करून आणणार याच्या याद्या गेली अनेक वर्षं माझ्याकडे आहेत. दोन पातेली मसालेभात आणि एकही कोशिंबीर नाही, असं माझ्या यादीत होत नाही. काकांच्या दोन्ही डोळ्यांच्या पडद्याला वयामुळे होणारा आजार झाला होता. दर काही आठवड्यांनी डोळ्यात इंजेक्शन घ्यायला ते आमच्याकडे येत. एकदा ते फार्मसीच्या खिडकीशी आले आणि म्हणाले, "मला समोर बघितलं की मधला भाग दिसत नाही. कडेचं दिसतं. खासदार नेमके मधे असतात. तुम्ही याद्या करता म्हणे."

"जेवणाच्या करते, काका."

"चालेल. यातही बरेचसे खाणारेच आहेत."

मी शनिवारी दहा ते बारा अशी वेळ दिली. त्याच दिवशी त्यांनी मला माझ्या कामाबद्दल विचारलं होतं. "डॉक्टरने लिहिलेला डोस तुम्हाला चुकीचा वाटला तर काय करता?"

"डॉक्टरला फोन करते."

"आणि त्यांनी फोन उचलला नाही तर?"

"पुन्हा करते. औषध अडवून ठेवते. आकडा स्वतः कधीच बदलत नाही."

"मग तुम्ही इतिहासात चालाल," असं म्हणून ते गेले.

जवळजवळ दीड वर्ष आम्ही मृणालच्या जेवणाच्या टेबलावर बसलो. मी कार्ड वाचायची, ते पुढचं मागचं सांगायचे, मी लॅपटॉपवर भरायची. दारात शेजाऱ्यांनी ठेवलेल्या फिजोआच्या पिशव्या असत. त्यांतलं एकेक फळ कापून चमच्याने खाता खाता काका माणसांचा निकाल लावत. "हा एकोणीस वर्षांचा होता. मामाची जागा मामा येईपर्यंत धरून ठेवायला पाठवला होता. बसच्या सीटवर रुमाल टाकतात तसा." "हा औषधवाल्याचा मुलगा, तुमच्यातला. निवडून आला आणि दोन महिन्यांत तक्रार करून त्याला काढला. तुमच्या लोकांना राजकारण जमत नाही." एक सदस्य सत्तावीस वर्षं निवडून येत राहिला आणि संसदेत एकदाही बोलल्याची नोंद नाही. मी म्हटलं, याला एका ओळीत आटपू या. काका म्हणाले, "बोलला नाही म्हणून माणूस कमी करायचा? मग माझ्या वर्गातली निम्मी मुलं कमी करावी लागतील. हजर होता ना? लिहा."

मी वेळेची पक्की असल्यामुळे त्यांनी मला 'फार्मसी' असं नाव ठेवलं होतं. बाराला पाच मिनिटं कमी असली की म्हणायचे, "फार्मसी बंद व्हायची वेळ झाली. एक छोटा खासदार घेऊ?" त्यांची नात ईरा बाजूच्या सोफ्यावर गृहपाठ करत असायची. तिला मराठी सगळं कळायचं, उत्तर मात्र इंग्रजीतच. एकदा ती म्हणाली, "आजोबा, दॅट्स हीप्स ऑफ डेड गाइज."

"हो. पण बाळा, सगळे एकदम मेले नाहीत. म्हणून तारखा."

इथल्या एका निवडणुकीची आठवण सांगायला हवी. काका रहिवासी झाल्यावर त्यांना मत देता येऊ लागलं. चौदा सालच्या निवडणुकीला मृणाल बाहेरगावी होती म्हणून मीच त्यांना शाळेच्या हॉलवर घेऊन गेले. त्यांनी कोट घातला होता. कॉलेजातले शिक्षक म्हणून त्यांनी सांगली जिल्ह्यात कित्येक निवडणुकांना मतदान केंद्राध्यक्ष म्हणून काम केलं होतं, शाळेच्या बाकावर झोपून, पेट्या सील करून. ड्यूटी कायम परगावी, त्यामुळे त्यांचं स्वतःचं मत बऱ्याच वेळा राहून गेलेलं. हॉलमध्ये नाव सांगितलं, बाईंनी कागदावर पट्टी ठेवून रेघ मारली आणि मतपत्रिका दिली. काकांनी डाव्या हाताचं बोट पुढे केलं. बाई हसून बघत राहिल्या. त्यांना वाटलं, बोट दुखतंय.

"शाई नाही?" काकांनी मला विचारलं.

"नाही, काका. इथे लावत नाहीत."

"मग मी पुन्हा आलो तर?"

"रेघ मारलीय ना."

आम्ही बाहेर आलो. गाडीत बसताना काका म्हणाले, "एका रेघेवर विश्वास ठेवतात. म्हणजे यादी चांगली असणार."

सोळा सालच्या शेवटी हार्लस्टोहून पत्र आलं. तिथल्या स्थानिक इतिहास मंडळाशी काकांचा जुना पत्रव्यवहार होता. मंडळाच्या सचिव मिसेस प्राउट यांनी लिहिलं होतं की बाजाराच्या जुन्या इमारतीचा वरचा दिवाणखाना, जिथे पूर्वी मतदान व्हायचं, तो दुरुस्त होतो आहे. तिथल्या भिंतीवर हार्लस्टोच्या सर्व सदस्यांच्या नावांचा लाकडी फलक लावायचा आहे. समितीकडे यादी आहे पण तिच्यात बऱ्याच जागा रिकाम्या आहेत. तुमची यादी जानेवारीच्या अखेरीपर्यंत आली आणि समितीच्या तपासणीत खरी उतरली, तर फलक तुमच्या यादीवरून रंगवू आणि खाली तुमचं नाव घालू.

मी ते पत्र दोनदा वाचून दाखवलं. काकांनी तिसऱ्यांदा वाचायला सांगितलं नाही, पण पुढच्या शनिवारी ते कोट घालून टेबलाशी बसले होते. मृणाल मला स्वयंपाकघरात म्हणाली, "आई गेली तेव्हासुद्धा बाबांना असं बघितलं नव्हतं. रात्री उठून नावं म्हणतात. मला म्हणाले, ते मार्गदर्शक आता हयात नाहीत, नाहीतर फलकाचा फोटो पाठवला असता." काकांना काय हवं होतं ते इतकं साधं होतं. ज्या गावाने त्यांना कधी पाहिलं नव्हतं, त्या गावाने एकदा म्हणावं की या माणसाचं काम बरोबर आहे. डोळे पाहता दुसरी संधी येणार नव्हती.

जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात यादी पूर्ण झाली. शुक्रवारी त्यांना इंजेक्शन होतं, शनिवारी डोळा लाल होऊन पाणी येत होतं. ते म्हणाले, "तुम्ही एकदा नजर टाका आणि पाठवून द्या." रविवारी दुपारी मी माझ्या घरी यादी उघडली. तारखांप्रमाणे क्रम लावला आणि कुठे गोंधळ आहे का ते संगणकाला शोधायला सांगितलं. सात ठिकाणी गोंधळ निघाला. सात खासदार निवडून येण्याआधीच मेलेले होते. एकजण तर एप्रिलमध्ये निवडून आला होता आणि त्याच सालच्या फेब्रुवारीत वारला होता. बाकी सहांचंही तसंच, मृत्यू जानेवारी-फेब्रुवारीतला आणि निवडणूक त्याच साली त्यानंतरची.

मला वाटलं, सांगताना काकांच्या तारखांची अदलाबदल झाली, किंवा टाइप करताना माझी. कार्डं त्यांच्या घरी होती. मी सातही ठिकाणी महिने उलटसुलट केले. निवडणूक फेब्रुवारीत, मृत्यू एप्रिलमध्ये. यादी स्वच्छ झाली. त्यांच्या ईमेलवरून, त्यांच्या नावाने, मी ती पाठवून दिली आणि माझ्या वहीत त्या कामापुढे बरोबरची खूण केली.

फोन का केला नाही, याचं कारण मी तेव्हा मनाला सांगितलं होतं की डोळा दुखतोय, त्यांना त्रास नको. खरं कारण तसं नव्हतं. रुग्णाचा कागद असता तर मी फोन केलाच असता, डोळा दुखत असो वा नसो. दीड वर्ष समोर बसूनही मी त्या यादीला एका वयस्कर माणसाचा विरंगुळा समजत होते. विरंगुळ्यात आपण परस्पर दुरुस्ती करतो.

उत्तर मार्चमध्ये आलं. काका टेबलाशी बसले होते आणि वाचायचं मलाच होतं. मिसेस प्राउट यांनी यादीबद्दल आभार मानून लिहिलं होतं की समितीने पहिली तपासणी तारखांची केली. अठराव्या शतकाच्या मध्यापर्यंत इंग्लंडात वर्ष पंचवीस मार्चला सुरू होत असे, त्यामुळे जानेवारी आणि फेब्रुवारी हे वर्षाचे शेवटचे महिने असत, हे त्या काळावर काम करणाऱ्या कुणालाही ठाऊक असतं. आपल्या यादीत सात ठिकाणी हे ठाऊक नसल्याचं दिसतं. अशा स्थितीत बाकीच्या नावांवर विसंबून फलक रंगवणं समितीला शक्य नाही.

पत्र मधेच थांबवावं असं मला वाटलं, पण ते मला जमलं नाही. मी शेवटपर्यंत वाचलं.

"कुठले सात?" काकांनी विचारलं.

मी नावं वाचली. प्रत्येक नावाला त्यांनी मान हलवली.

"यांच्या तारखा मी बरोबर दिल्या होत्या."

"हो. मी बदलल्या, काका. निवडून यायच्या आधी मेलेले दिसत होते."

"दिसणारच," ते म्हणाले. आवाज चढला नव्हता. "तुम्ही दरवर्षी पाडव्याला श्रीखंड कुणी करायचं त्याची यादी करता. आपलं वर्ष चैत्रात सुरू होतं. चैत्रात निवडून आलेला माणूस त्याच शकात माघात मेला तर तुम्हाला विचित्र वाटेल का? मग या बिचाऱ्यांनी काय केलं होतं?"

मी म्हटलं, "मी आत्ता लिहिते त्यांना. चूक तुमची नाही, टाइप करणाऱ्याची आहे."

"नाही. मी सांगतो ते लिहा." आणि त्यांनी सांगितलं, अगदी वर्गात टिपण द्यावं तसं सावकाश. तारखांच्या सातही चुका माझ्या आहेत. त्या काळच्या वर्षगणनेची मला माहिती आहे, परंतु यादी पाठवण्यापूर्वी मी ती पुन्हा तपासली नाही. दुरुस्त प्रत सोबत पाठवत आहे.

"हे खोटं आहे, काका."

"यात खोटं काय ते दाखवा. मी तपासली नाही, हे खरं आहे. यादीखाली नाव माझं आहे, हेही खरं आहे. अहो, दोनशे माणसांची कार्डं केली मी. एकानेही कारकुनावर ढकलायचं सोडलं नाही. मला तेवढा एक वेगळेपणा राहू द्या."

"निदान माझा उल्लेख तरी—"

"फार्मसी," ते म्हणाले, "लिहिता की मी कडेने बघत टाइप करू?"

मी लिहिलं. त्यानंतरचे पाच शनिवार आम्ही प्रत्येक कार्ड पुन्हा वाचलं. मी वाचायची आणि शंका आली तर थांबून विचारायची. आठदहा ठिकाणी शंका आली आणि सगळीकडे काकांचं बरोबर होतं. त्यांनी या प्रकाराबद्दल मला पुन्हा कधी काही म्हटलं नाही, मृणालला सांगितलं नाही आणि मीही सांगितलं नाही. दुरुस्त यादीला मिसेस प्राउटनी दोन ओळींचं उत्तर दिलं, की रंगारी कामाला लागला आहे आणि समिती स्वतःकडचीच जुनी यादी वापरते आहे.

पुढे फलकाचा फोटो हार्लस्टोच्या मंडळाच्या संकेतस्थळावर आला. काकांना आता मोठी अक्षरंही दिसत नव्हती. मी वाचून दाखवलं. जिथे नाव माहीत नाही तिथे त्यांनी सोनेरी आडवी रेघ काढली होती.

"रेघा किती?"

"एकोणीस."

मी साल वाचायची, रेघ आहे म्हणायची, आणि काका तिथलं नाव सांगायचे. एकोणीसच्या एकोणीस, कार्ड न बघता. मी ती लिहून घेतली नाहीत, कारण ती आमच्या यादीत आधीच होती. शेवटचं नाव सांगून झाल्यावर ते म्हणाले, "फलक देखणा असेल. लाकूड कुठलं आहे?" फोटोवरून ते कळत नव्हतं. मी तसं सांगितलं.

अठरा सालच्या हिवाळ्यात, जुलैत, काकांना न्यूमोनिया झाला आणि आमच्याच हॉस्पिटलात ते गेले. त्यांच्या औषधांचे कागद माझ्या हाताखालून गेले. त्यात विचारावं असं काही नव्हतं. शेवटच्या दोन दिवसांत ते फारसं बोलले नाहीत. मी डब्यातून पेज घेऊन गेले तेव्हा त्यांनी विचारलं, आज शनिवार आहे का. बुधवार होता.

मृणालने हार्लस्टोच्या मंडळाला कळवलं. वडिलांचा इतक्या वर्षांचा पत्रव्यवहार, म्हणून. काही महिन्यांनी त्यांच्या वार्तापत्राचा अंक आला. मृणालने तो माझ्यापुढे ठेवला. निधनवार्तांच्या खाली दोन वाक्यं होती. न्यूझीलंडमधील एका भारतीय गृहस्थांनी हार्लस्टोच्या सदस्यांची विस्तृत यादी तयार केली होती. तारखांतील गंभीर चुकांमुळे, ज्या त्यांनी मोकळेपणाने मान्य केल्या, ती दुर्दैवाने वापरता आली नाही.

"बाबांच्या तारखा चुकायच्या नाहीत," मृणाल म्हणाली. "माझ्या परीक्षेची तारीख चुकली असेल, पण यांच्या नाही. हे काय आहे?"

तेव्हा मी तिला सगळं सांगितलं. मधे एकदा उठून तिने खोली गरम करणारा हीट पंप बंद केला आणि परत येऊन बसली. मी म्हटलं, "मला त्यांना पत्र लिहायचं आहे. काकांनी नको म्हटलं होतं. म्हणून तुला विचारते."

"तेव्हा फोन करून विचारायला हवं होतंस."

"हो."

तिने वार्तापत्र उचलून ती दोन वाक्यं पुन्हा वाचली. मग म्हणाली, "बाबा चिडले असते. पाठव."

मी जे घडलं ते घडलं त्या क्रमाने लिहिलं. मी कोण, काय काम करते, कुठल्या दिवशी कुठल्या सात तारखा कशा होत्या आणि मी त्या कशा केल्या. त्याबरोबर सातही कार्डांचे फोटो जोडले, आणि रेघांच्या जागची एकोणीस नावं, प्रत्येकापुढे पुरावा. जिथे काकांनी प्रश्नचिन्ह केलं होतं तिथे प्रश्नचिन्ह. क्षमा एकदाच मागितली. मिसेस प्राउट निवृत्त झाल्या होत्या. नव्या सचिवांचं उत्तर एकोणीस सालच्या मे महिन्यात आलं आणि मी ते मृणालच्या घरी जाऊन वाचून दाखवलं. त्यांनी लिहिलं होतं की फायलीतल्या कागदावर काही खोडायची किंवा लिहायची पद्धत नाही, त्यामुळे काकांचं चुका कबूल केल्याचं पत्र आहे तसंच राहील. तुमचं पत्र त्याच्या मागे लावलं आहे. यापुढे जो ते वाचेल त्याला हेही मिळेल. एकोणीसपैकी चार नावं समितीने मूळ कागदांवरून तपासली, चारही बरोबर निघाली. फलकावर रेघेच्या जागी नाव रंगवता येतं, आणि तळाला श्रेय लिहायचं की नाही ते सगळी नावं तपासून झाल्यावर ठरवू.

मृणालने ते पत्र माझ्या हातून घेतलं आणि स्वतः एकदा वाचलं. "मग आता?" तिने विचारलं.

"पंधरा उरली," मी म्हटलं.